पन्नाशींतला विद्यार्थी आणि कराटेचा पट्टा



येत्या रविवारीं सकाळीं मला परीक्षेस बसावयाचें आहे. माझें वय ५२ वर्षांचें आहे. ह्या वयांत माणसानें दुसऱ्यांच्या परीक्षा घ्याव्या, स्वतः देऊं नयेत, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. आणि तो कांहीं अगदींच चुकीचा नाहीं. माझी परीक्षा खात्यांतील बढतीची असती, तर घरच्या मंडळींनीं ती एक वेळ समजून घेतली असती. पण ती आहे कराटेची, तपकिरी पट्ट्याची. माझ्याबरोबरच्या उमेदवारांत माझ्या खालोखाल जो वयानें मोठा आहे, तो इयत्ता नववींत शिकतो. आणखी एक गोष्ट आरंभींच कबूल करून टाकलेली बरी : गेल्या खेपेस ह्याच परीक्षेंत मी नापास झालों आहें.

कराटे म्हणजे काय, त्यांत हे रंगीत पट्टे कोठून आले, परीक्षेंत काय पाहतात, आणि पन्नाशीच्या मनुष्यानें त्या वाटेस जावें कीं न जावें, एवढ्याच गोष्टी मी आज आपणांपुढें मांडणार आहें. मी ह्या विषयांतील अधिकारी पुरुष नव्हे. विद्यार्थी आहें. परंतु विद्यार्थ्याला जें दिसतें तें गुरूला पुष्कळदां सांगण्यासारखें वाटत नाहीं, म्हणून हें धाडस.

मी बोरिवलीच्या पश्चिमेस गोराई वसाहतींत राहतों. १९८० नंतरच्या दशकांत जागतिक बँकेच्या साहाय्यानें चारकोप व गोराई येथें लहान लहान भूखंडांची जी योजना झाली, तींतून ही वसाहत उभी राहिली. मूळचें गोराई गांव खाडीच्या पलीकडे आहे. मधें तिवरांचें रान आणि पाणी, आणि पाण्यावर ये-जा करणाऱ्या होड्या. आमच्या सोसायट्यांमधील एका मोकळ्या जागेंत संध्याकाळीं कराटेचा वर्ग भरतो. पांच वर्षांपूर्वीं मीं माझ्या मुलीचें नांव तेथें घातलें. पुढें तिची दहावी आली, शिकवण्या सुरू झाल्या, आणि तिनें वर्ग सोडला. तीन महिन्यांची फी मात्र आगाऊ भरलेली होती. पैसे परत मागावयास गेलों असतां शिक्षिकाबाई म्हणाल्या, “काका, पैसे परत नाहीं मिळत; पण तिच्या जागीं तुम्ही या कीं.” मध्यमवर्गीय मनुष्याला भरलेले पैसे फुकट जातांना पाहवत नाहींत. मी गेलों. तीन महिने केव्हांच संपले. मी अजून जातों आहें.

आतां कराटेविषयीं थोडेंसें. ही विद्या जपानची म्हणून आपण ओळखतों, परंतु तिचें माहेर ओकिनावा बेटांत आहे. हीं बेटें पूर्वीं र्युक्यू नांवाचें निराळें राज्य होतें. चीनशीं त्यांचा व्यापार चाले, आणि व्यापाराच्या वाटेनें चिनी मुष्टियुद्धाचे प्रकारही तेथें आले. स्थानिक विद्येशीं त्यांची सांगड पडून जें तयार झालें, त्यास तेथील लोक नुसतें “ते”, म्हणजे “हात”, असें म्हणत. १८७९ सालीं जपाननें तें राज्य खालसा केलें. पुढें १९२२ सालीं गिचिन फुनाकोशी नांवाचे ओकिनावांतील एक शाळामास्तर तोकियोस गेले व त्यांनीं तेथें ह्या विद्येचें प्रात्यक्षिक दाखविलें. फुनाकोशींचा जन्म १८६८ सालचा. म्हणजे त्या वेळीं त्यांनीं पन्नाशी ओलांडली होती. तोकियोंत ते ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहांत राहिले, आणि चरितार्थासाठीं तेथेंच झाडलोट व राखणदारी करीत त्यांनीं शिकविण्यास प्रारंभ केला. माझ्यासारख्यास ह्या विद्येच्या इतिहासांत धीर देणारी अशी ही पहिली गोष्ट सांपडली.

“कराटे” ह्या शब्दाचीही मोठी मौज आहे. प्रथम तो ज्या चिनी अक्षरानें लिहीत, त्याचा अर्थ “चिनी हात” असा होई. त्याच उच्चाराचें दुसरें एक अक्षर आहे, त्याचा अर्थ “रिकामा”. फुनाकोशींनीं ह्या दुसऱ्या अक्षराचा पुरस्कार केला, आणि १९३६ सालीं ओकिनावांतील गुरुजनांनीं नाहा येथें भरलेल्या बैठकींत तोच शब्द मान्य केला. तेव्हांपासून कराटे म्हणजे “रिकामा हात”. रिकामा अशासाठीं कीं, हातांत शस्त्र नाहीं. पण तेवढ्यासाठींच नव्हे. बौद्ध ग्रंथांचें चिनी भाषांतर करतांना आपल्या “शून्य” ह्या शब्दासाठीं जें अक्षर योजलें गेलें, तेंच हें अक्षर. मन मत्सरापासून, भयापासून व अहंकारापासून रिकामें असावें, हाही अर्थ फुनाकोशींना त्यांत अभिप्रेत होता. आमच्या वसाहतीपासून खाडीकडे गेलें असतां पलीकडे पॅगोडाचा सोनेरी कळस दिसतो. २००९ सालीं खुल्या झालेल्या त्या वास्तूंत कांहीं हजार माणसें एका विशाल घुमटाखालीं, मधें एकही खांब नसतां, आपल्या श्वासाकडे पाहत बसूं शकतात. अलीकडच्या तीरावर आम्हीही वर्गाच्या आरंभीं व शेवटीं डोळे मिटून तेवढेंच करतों. मात्र आमची स्वस्थता दोन मिनिटांवर टिकत नाहीं.

येथें एका लाडक्या समजुतीचा निरास करणें प्राप्त आहे. दक्षिण भारतांतील बोधिधर्म नांवाचा राजपुत्र भिक्षु होऊन चीनमध्यें गेला, त्यानें शाओलिन मठांतील भिक्षूंना व्यायाम शिकविला, आणि तेंच कराटेचें मूळ, असें पुष्कळ वर्गांत अभिमानानें सांगतात. ऐकावयास ही कथा गोड आहे, परंतु इतिहासाचा भक्कम आधार तिला नाहीं. बोधिधर्माच्या चीनमधील धर्मकार्याची परंपरा जुनी आहे. त्याला युद्धविद्येशीं जोडणाऱ्या कथा मात्र त्याच्यानंतर कित्येक शतकांनीं लिहिल्या गेल्या. आपल्याकडे स्वतःचें असें थोडें का आहे? मल्लखांब आहे, दांडपट्टा आहे, लाठी आहे, कुस्तीच्या तालमी आहेत. द. चिं. मुजुमदारांनीं बडोद्यास संपादिलेल्या व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड ज्यांनीं चाळले असतील, त्यांना दुसऱ्याच्या विद्येवर हक्क सांगण्याची गरज भासणार नाहीं.

आतां पट्ट्यांकडे वळूं. आपल्या तालमींत पट्टा नसतो. वस्ताद हौद्याच्या कडेस उभा राहतो, आणि कोणता गडी कोणत्या पायरीवर आहे हें त्याच्या डोळ्यांत लिहिलेलें असतें. जपानांतील जुन्या गुरुकुलांतही साधारण असाच प्रकार होता. ह्यांत बदल केला तो ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनीं. कानो हे शिक्षणशास्त्रज्ञ होते. विद्यार्थ्यास आपण कोठवर आलों तें कळावें व पुढची पायरी दिसावी, म्हणून त्यांनीं १८८३ सालीं आपल्या दोन शिष्यांना “शोदान”, म्हणजे पहिली श्रेणी, दिली. काळा पट्टा त्यानंतर कांहीं वर्षांनीं आला. फुनाकोशी तोकियोस आल्यावर कानोंनीं त्यांना आपल्या संस्थेंत बोलावून प्रात्यक्षिक करविलें, आणि फुनाकोशींनीं कानोंपासून श्रेणींची पद्धत व पोषाख हे दोन्ही घेतले. १९२४ सालच्या एप्रिलांत त्यांनीं सात शिष्यांना कराटेंतील पहिल्या श्रेणी दिल्या. पांढऱ्या व काळ्या पट्ट्यांच्या मधले पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा इत्यादि रंग मात्र युरोपांत रुळले. १९३५ च्या सुमारास पॅरिस येथें ज्यूदो शिकविणारे कावाइशी यांच्याकडे त्यांचें श्रेय बहुधा दिलें जातें. रंगांचा क्रम आजही संस्थेसंस्थेगणिक बदलतो. एका वर्गाचा निळा पट्टा दुसऱ्या वर्गांतल्या हिरव्याच्या बरोबरीचा असूं शकतो.

हें वाचीत असतां मला एक विलक्षण योगायोग आढळला. फुनाकोशींचे गुरु अंको इतोसु यांनीं १९०१ सालीं ओकिनावांतील एका प्राथमिक शाळेंत कराटेचा शिरकाव करून दिला. तोंवर ही विद्या रात्रीच्या काळोखांत, गुरूच्या अंगणांत, दोन-चार शिष्यांपुरती चाले. मुलांना झेपावें म्हणून इतोसुंनीं पुढें पांच सोपे पाठ रचले. नेमक्या त्याच १९०१ सालीं आपल्या कुरुंदवाडकडचे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केलें. घराण्याच्या बंद दारांआड असलेलें गाणें त्यांनीं वर्गांत आणलें. त्यास क्रमिक पाठ व परीक्षा आल्या. दोन दूरच्या देशांत, एकमेकांचें नांवही न ऐकलेल्या दोन माणसांनीं एकच प्रश्न सोडविला होता : गुरूच्या मर्जीवर चालणारी विद्या चार माणसांच्या घरांत कशी न्यावी? दोघांवर टीकाही एकच झाली. परीक्षेनें विद्या पातळ होते, असें लोक म्हणाले. आणि त्यांत कांहीं तथ्य आहे. विशारद झालेला प्रत्येकजण गवई नसतो, तसाच काळा पट्टा बांधलेला प्रत्येकजण वीर नसतो. परंतु परीक्षा नसत्या, तर आमच्या चाळींतल्या व वसाहतींतल्या किती मुलामुलींच्या कानांवर स्वर पडले असते, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

हिंदुस्थानांत जपानी विद्येचा पाय प्रथम बंगालमध्यें पडला. रवींद्रनाथांनीं १९२९ सालीं ताकागाकी नांवाच्या ज्यूदोगुरूंना शांतिनिकेतनांत आणून मुलांमुलींस शिक्षण देवविलें. मुंबईंत कराटे रुजलें तें मात्र १९७० नंतरच्या दशकांत. परवेझ मिस्त्री यांच्यासारख्या शिक्षकांनीं येथें वर्ग चालविले; आणि १९७३ सालीं निघालेल्या ब्रूस ली यांच्या चित्रपटानें, त्यांची विद्या कराटेहून वेगळी चिनी वळणाची असूनही, तरुणांच्या झुंडी त्या वर्गांकडे लोटल्या. २०२१ सालीं तोकियोंत झालेल्या ऑलिंपिकमध्यें कराटेस स्थान मिळालें. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्यें तें राहिलें नाहीं. तथापि गल्लोगल्लींच्या वर्गांतील पांढऱ्या पोषाखांची संख्या त्यामुळें उणी झालेली मला दिसत नाहीं.

परीक्षेंत तीन गोष्टी पाहतात. पहिली “किहोन”, म्हणजे ठोसा, लाथ, अडवणूक आणि उभें राहण्याच्या रीति. हीं ह्या विद्येचीं मुळाक्षरें. दुसरी “काता”, म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्यांशीं एकट्यानें, ठरलेल्या क्रमानें करावयाच्या हालचाली. हा झाला पाठ. तिसरी “कुमिते”, म्हणजे समोर खराखुरा माणूस. हा संभाषणाचा भाग. मुळाक्षरें शुद्ध असून संभाषण न येणारा विद्यार्थी जसा असतो, तसाच धडाधड बोलणारा पण अशुद्ध बोलणाराही असतो. परीक्षक दोघांनाही ओळखतात.

नवख्या मनुष्यास वाटतें कीं, ठोशाचें बळ दंडांत असतें. पांच वर्षांत मला पटलेली पहिली गोष्ट ही कीं, तें जमिनींतून येतें. मागचा पाय जमीन रेटतो, कंबर वळते, तिच्यामागून खांदा येतो, आणि मूठ सर्वांत शेवटीं सुटते. ह्या साखळींतील एक कडी आधीं किंवा उशीरा हालली कीं, ठोसा नुसता हात हालविल्यासारखा होतो. अमेरिकेंतील फेल्ड, मॅकनेअर व विल्क ह्या तीन संशोधकांनीं १९७९ सालीं ह्या विद्येच्या पदार्थविज्ञानावर एक लेख प्रसिद्ध केला. वरून खालीं मारलेल्या मुठीचा वेग सेकंदास १० ते १४ मीटरपर्यंत जातो, असें त्यांनीं वेगवान छायाचित्रांवरून मोजलें. गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गानें वाढते. वेग दुप्पट झाला कीं ऊर्जा चौपट. म्हणून किरकोळ अंगाची मुलगी अचूक वेगानें जें साधते, तें धिप्पाड मनुष्यास नुसत्या वजनानें साधत नाहीं. त्या तिघांपैकीं रोनाल्ड मॅकनेअर हे स्वतः काळा पट्टा धारण करणारे होते. पुढें ते अंतराळवीर झाले आणि १९८६ सालच्या चॅलेंजर यानाच्या अपघातांत निवर्तले.

आमच्या पंथांत तपकिरी पट्ट्याच्या पायरीवर “तेक्की शोदान” नांवाचा काता करावा लागतो. तेक्की म्हणजे लोखंडी घोडा. ह्या कात्यांत पुढें-मागें जाणें नाहीं. घोड्यावर बसल्याप्रमाणें पाय फांकून, गुडघे बाहेर दाबून, एका सरळ रेषेवर नुसतें उजवीकडे व डावीकडे सरकावयाचें. एकंदर हालचाली २९. पाहणाऱ्याला तो अगदीं सोपा वाटतो. करणाऱ्याच्या मांड्यांना पांचव्या हालचालीपासून त्याचें मर्म कळूं लागतें. आपल्या घोडेस्वारांच्या भाषेंत “मांड” हा जो शब्द आहे, तो ह्या कात्याचें वर्णन एका अक्षरांत करतो. मांड पक्की असली पाहिजे. एक पाय दुसऱ्यावरून टाकतांनाही डोक्याची उंची बोटभर बदलतां कामा नये. आणि जेथून निघालों, तेथेंच परत आलें पाहिजे. फुनाकोशी आपल्या उमेदवारींत एकच काता महिनोन् महिने घोटीत असत, आणि गुरूचें समाधान झाल्यावांचून त्यांना पुढचा मिळत नसे.

गेल्या परीक्षेंत हाच काता करतांना मी नापास झालों. त्या दिवशीं माझ्याबरोबर अकरा वर्षांची एक मुलगी होती. ती उत्तीर्ण झाली. घरीं येतांना मीं मनाशीं पुष्कळ कारणें जुळविलीं. फरशी गुळगुळीत होती. परीक्षक घाईंत होते. पोरांचें अंग रबराचें, आमचें लांकडाचें. दुसऱ्या दिवशीं वर्गांत रांग लागली. रांग वयानें लागत नाहीं, श्रेणीनें लागते. म्हणून ती मुलगी माझ्या वरच्या जागीं उभी राहिली, आणि रिवाजाप्रमाणें मीं तिला वांकून नमस्कार केला. पहिल्यांदा तो नमस्कार घशांत अडकला, हें खोटें कशाला सांगूं? वर्ग सुटल्यावर शिक्षिकाबाई म्हणाल्या, “काका, तुमच्या हातांत चूक नाहीं. पाय टाकतांना तुम्ही वर येतां, आणि श्वास कोंडून धरतां.” मीं विचारलें, “हें तुम्ही मला आधीं कां नाहीं सांगितलें?” त्या म्हणाल्या, “दर आठवड्याला सांगतें आहें.”

तें खरें होतें. त्या सांगत होत्या, आणि मी मान डोलवीत होतों. कचेरींत माझ्या हाताखालीं माणसें आहेत. घरांत वडीलपणा आहे. सोसायटीच्या सभेंत माझें म्हणणें लोक ऐकून घेतात. पंचवीस-तीस वर्षांत कोणी माझी चूक तोंडावर सांगितली नाहीं, आणि सांगितलीच तर ती ऐकण्याची संवय मला राहिली नव्हती. कान शाबूत असूनही मनुष्य बहिरा होतो तो असा.

त्यानंतर मीं एक उपाय केला. रविवारीं पहांटे पहिल्या होडीनें खाडी ओलांडून मी गोराईच्या समुद्रकिनाऱ्यावर जाऊं लागलों. ओहोटी असली कीं पाण्यालगतची ओली वाळू घट्ट व सपाट असते. तेथें टांचेनें एक रेघ ओढावयाची, तिच्यावर उभें राहून तेक्की करावयाचा, आणि मग बाजूस होऊन आपलींच पावलें पाहावयाचीं. वाळू भीड धरीत नाहीं. पहिल्या दिवशीं माझीं पावलें रेघेवरून सापासारखीं गेलीं होतीं. पाय ओलांडतांनाच्या ठशांत चवडा खोल रुतलेला, टांच उमटलेलीच नाहीं; म्हणजे मी खरोखरच वर उठत होतों. आणि शेवटचा ठसा आरंभींच्या ठशापासून चांगला वीतभर दूर. बाई जें आठवड्यागणिक सांगत होत्या, तें सर्व तेथें लिहून ठेवलेलें होतें. कोळीवाड्यांतली एक म्हातारी टोपली घेऊन चालली होती. ती थांबली, ठशांकडे पाहून म्हणाली, “कांहीं हरवलंय का, बाबा?” मीं म्हटलें, “हो, तोल.” ती हंसून निघून गेली. गेल्या कांहीं महिन्यांत ती वीत चार बोटांवर आली आहे.

आतां प्रौढ श्रोत्यांसाठीं शरीराविषयीं दोन शब्द. चाळिशीनंतर स्नायूंचें बळ हळूहळू घटूं लागतें. परंतु मेहनतीस प्रतिसाद देण्याची त्यांची शक्ति म्हातारपणींही जात नाहीं. फरक पडतो तो सांवरण्याच्या वेळांत. मुलें रोज उड्या मारूं शकतात. आमच्यासारख्यांनीं कष्टाच्या दोन दिवसांमध्यें एक-दोन दिवस हलका व्यायाम ठेवावा. स्नायूंपेक्षां त्यांना हाडाशीं बांधणाऱ्या कंडरा अधिक सावकाश बळावतात, कारण त्यांस रक्ताचा पुरवठा कमी. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत अंगांत जोर आल्यासारखें वाटतें, आणि नेमक्या त्याच वेळीं गुडघा किंवा टांच दुखावते. लाथ उंच मारण्याचा हव्यास सोडावा. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेंच वांकवावा. श्वास कोंडून जोर केल्यानें रक्तदाब एकदम चढतो. ठोशाबरोबर जी मोठी आरोळी देतात, तिचा एक उपयोग श्वास बाहेर टाकविणें हाच आहे. रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनीं आधीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, हें सांगणें नकोच. लाभही लहान नाहीं. ६५ वर्षांपुढील मनुष्यांनीं आठवड्यांतून निदान तीन दिवस तोलाचा व बळाचा व्यायाम करावा, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलें आहे. म्हातारपणीं न्हाणीघरांत पाय घसरून खुब्याचें हाड मोडलेलीं माणसें प्रत्येकाच्या नात्यांत असतात. माझी आई त्यांतलीच होती. तिच्या खाटेशेजारीं बसून मीं काढलेल्या त्या चार महिन्यांनीं मला तोलाची किंमत शिकविली.

दोन इशारेही द्यावयास हवेत. पहिला पट्ट्यांच्या बाजाराचा. कांहीं ठिकाणीं फी भरली कीं परीक्षा, आणि परीक्षा दिली कीं पट्टा, असा क्रम ठरलेला असतो. तेथें नापास कोणी होतच नाहीं. मुलास किंवा स्वतःस वर्गांत घालण्यापूर्वीं एक दिवस नुसतें बसून पाहावें. शिक्षक चुका सुधारतात का, लहानांना मारहाण तर होत नाहीं ना, आणि परीक्षेंत आजवर कोणास परत पाठविलें आहे का, एवढें विचारावें. शेवटल्या प्रश्नाचें उत्तर “कोणालाच नाहीं” असें आल्यास दुसरा वर्ग शोधावा. काळ्या पट्ट्यास नियमित मेहनतीचीं कांहीं वर्षें लागतात, आणि तेथें पोंचल्यावर मिळणाऱ्या “शोदान” ह्या पदाचा अर्थही “आरंभाची पायरी” एवढाच आहे.

दुसरा इशारा आत्मरक्षणाविषयींचा. वर्गांतील प्रतिस्पर्धी नियम पाळतो. रस्त्यावरचा पाळीत नाहीं. चाकूपुढें पट्ट्याचा रंग निरुपयोगी आहे. धोका आधीं ओळखणें, तेथून निघून जाणें, मोठ्यानें हांक मारणें, ह्या गोष्टी पहिल्या. हात उचलणें अगदीं शेवटचें. कराटे शिकणारानें पहिला वार करूं नये, ही फुनाकोशींची शिकवण प्रसिद्ध आहे, आणि इतोसुंनीं मुलांसाठीं रचलेल्या पांचही पाठांची सुरुवात अडवणुकीनें होते, वारानें नव्हे. मुलींना ही विद्या अवश्य शिकवावी; परंतु हिच्यामुळें आतां कसलेंच भय नाहीं, असें मात्र त्यांना सांगूं नये.

मग ह्या वयांत परीक्षा द्यावी ती कशासाठीं? पट्ट्यानें माझा पगार वाढणार नाहीं, आणि सोसायटींत मला कोणी भिणारही नाहीं. माझ्यापुरतें उत्तर असें कीं, वर्षांतून एकदां तरी मला मुळींच न ओळखणारा परीक्षक समोर बसतो, माझें वय, हुद्दा व सबबी बाजूस ठेवून पांच मिनिटें नीट पाहतो, आणि काय चुकलें तें सांगतो. लहानपणीं हें आपल्याला फुकट मिळत होतें, आणि त्याचा आपण कंटाळा करीत होतों. मोठेपणीं तें विकत घ्यावें लागतें.

माझी मुलगी आतां महाविद्यालयांत आहे. परवां ती म्हणाली, “बाबा, पुन्हां नापास झालात तर?” मीं म्हटलें, “तर सोमवारीं वर्ग आहेच.” ती रविवारीं पाहावयास येणार आहे. कालपासून माझा जुना पोषाख तिनें धुऊन इस्त्रीस दिला आहे, आणि एवढ्यावरूनच तिला माझ्याहून अधिक धाकधूक आहे, हें मी ओळखलें आहे. निकाल कांहींही लागला, तरी त्यापुढच्या रविवारीं ओहोटी पहांटेची आहे. मी पहिल्या होडीनें पलीकडे जाईन आणि उरलेल्या चार बोटांचें काय होतें तें पाहीन.